इंग्रजीची उजळणी : गाळपातलं ‘गाळणे’, डिस्कव्हरीतलं ‘डिस्कव्हर’

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की नगर जिल्ह्यात ‘गाळप’ हा शब्द रोज कानावर पडतो. त्यातलं क्रियापद कोणतं, हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही. गाळणे. तसंच लागवडीतून लावणे, पेरणीतून पेरणे, निवडीतून निवडणे. इंग्रजी भाववाचक नाम समोर आलं, की हाच पोरगा जोड्यांची यादी पाठ करायला बसतो, याचं मला वाईट वाटतं.

मागच्या भागात शेवटचा ‘मेंट’ कापून पेमेंटमधून ‘पे’ काढलं होतं. सगळीकडे तसं कापता येत नाही. नगरच्या भुईकोट किल्ल्याचंच पाहा. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत नेहरू तिथे स्थानबद्ध होते. स्थानबद्धता म्हणजे डिटेन्शन. त्याचं क्रियापद डिटेन. लिहिताना डिटेनमध्ये ‘टी’नंतर ‘ए’ आणि ‘आय’ येतात, डिटेन्शनमध्ये त्यांच्या जागी एकटा ‘ई’. रिटेन्शन–रिटेन, ॲब्स्टेन्शन–ॲब्स्टेन यांचीही तीच रीत. सुटका म्हणजे रिलीज. हा शब्द मात्र नाम असो वा क्रियापद, बदलत नाही.

याच किल्ल्यात १९४४ साली नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. डिस्कव्हरीचा शेवटचा ‘वाय’ काढा, डिस्कव्हर उरतं. कारखान्यात साखरेच्या उताऱ्याला रिकव्हरी म्हणतात, त्यातलं रिकव्हर असंच सापडतं.

आता मला सर्वांत आवडणारा गट. ॲडव्हाइस–ॲडव्हाइज, बिलीफ–बिलीव्ह, प्रूफ–प्रूव्ह. गळ्यावर बोटं ठेवून नुसता ‘स्स्’ म्हणा, मग भुंग्यासारखा ‘झ्झ्’. दुसऱ्या वेळी गळा थरथरतो. ‘फ’ आणि ‘व्ह’ यांच्यातही तोच फरक. या जोड्यांत नाम बिनथरथरीचं, क्रियापद थरथरीचं. ‘यूज’ या शब्दाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच, पण नाम म्हणून त्याचा उच्चार ‘यूस’ होतो. स्पेलिंग घोकण्याआधी जोडी मोठ्यानं म्हणा. कान पुष्कळ काम करतो.

आणि ऑनेस्टी? इथे पुष्कळ मुलं ‘ऑनेस्ट’ लिहितात. ऑनेस्ट हे विशेषण आहे. मराठीत ‘प्रामाणिकणे’ म्हणून पाहा, जीभच अडते. इंग्रजीत शब्दाआधी ‘आय कॅन’ लावा. ‘आय कॅन डिसाइड’ चालतं, ‘आय कॅन ऑनेस्ट’ चालत नाही. ऑनेस्टी ही कृती नव्हे, गुण आहे. तिला स्वतःचं क्रियापद नाही. ओढूनताणून काढू नका. स्ट्रेंग्थची तर वाट उलटी : तिथे नामालाच शेपूट लागून स्ट्रेंग्थन हे क्रियापद होतं.

पुढच्या आठवड्यापर्यंत लॉस, सेल, ग्रोथ, रिफ्यूजल आणि पेशन्स हे पाच शब्द वहीत उतरवा. चौघांची क्रियापदं काढा आणि पाचव्याला ते का नाही, ते एका ओळीत लिहा.