समुद्राची जुनी नोंदवही

सन १८७८च्या सुमारास मुंबईत प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू होते. तेव्हा चिखलाखाली खैराच्या झाडांचे जंगल सापडले. कितीतरी बुंधे अजून उभे होते, मुळे जमिनीत घट्ट रुतलेली होती. पुढे जिथे जहाजे लागू लागली, तिथे कधीकाळी कोरडी जमीन होती!

मग समुद्र वर चढला की जमीन खाली खचली? दोन्ही गोष्टी घडू शकतात. म्हणून शास्त्रज्ञ एकाच पुराव्यावर विसंबत नाहीत. काही जातींची प्रवाळे उथळ, उजेडाच्या पाण्यातच वाढतात. बार्बाडोस बेटाजवळ समुद्रतळ पोखरून काढलेल्या अशा प्रवाळांचे वय मोजले, तेव्हा कळले की सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. ते पाणी बर्फ होऊन जमिनीवर साठले होते. खाडीकाठच्या गाळातले सूक्ष्म शंख अलीकडच्या काही शतकांची हकीकत सांगतात. भरतीच्या कोणत्या पातळीला कोणती जात राहते, हे ठरलेले असते.

त्यानंतरचा पुरावा यंत्रांचा. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. १९९३पासून उपग्रहही मोजमाप करतात. जगाची सरासरी पाहिली, तर १९०१ ते २०१८ या काळात पाणी सुमारे २० सेंटिमीटर चढले. आधी वेग वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास होता; २००६नंतर तो साडेतीन मिलिमीटरच्या पुढे गेला.

कारणे दोन. तापलेले पाणी फुगते, आणि पर्वतांवरचा, ग्रीनलँड-अंटार्क्टिकाचा बर्फ वितळून समुद्रात येतो. दोन्हींच्या मुळाशी कोळसा आणि तेल जाळून आपण वाढवलेली उष्णता आहे.

वीतभर पाण्याने काय होणार, असे वाटेल. पण वादळातली लाट त्या वीतभर उंचीवरून सुरू होते. मग खारभूमीचा बांध फुटतो, शेतात मीठ बसते, विहिरीचे पाणी मचूळ होते. कोकणात ज्यांचे घर खाडीकाठी आहे, त्यांनी एक करावे. उधाणाचे पाणी पूर्वी कुठवर यायचे, हे घरच्या बुजुर्गांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. नवे घर बांधताना मुलाबाळांना ती वही उपयोगी पडेल.