टाय सक्तीचा कुणी केला? ऑफिसच्या कपड्यांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरीवर रुजू व्हायची तारीख ठरली की पुणेकर घरात सल्ल्यांना ऊत येतो. आजोबा म्हणतात, पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले काळे बूट. आई लक्ष्मी रोडवर जायची यादी करते. मित्र सांगतो, "आयटीत काहीही चालतं रे!" यातलं बरंचसं कुठल्याच नियमात नसतं, आणि नियमात असतं ते अनेकांनी वाचलेलं नसतं.

गैरसमज : सरकारी कार्यालयात जीन्सला बंदी आहे.

वस्तुस्थिती : बंदी आली होती आणि गेलीही. सामान्य प्रशासन विभागाने 8 डिसेंबर 2020 च्या परिपत्रकात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट घालून यायला मनाई केली. भडक रंग नकोत, स्लिपर नको आणि शुक्रवारी खादी घालावी, असंही त्यात होतं. नाराजी झाली आणि मार्च 2021 मध्ये सुधारणा करून जीन्सवरची बंदी काढली. टी-शर्टवरची मात्र कायम राहिली.

शाळेचं वेगळं आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानुसार शिक्षकांना जीन्स आणि टी-शर्ट दोन्ही वर्ज्य. पुरुषांनी शर्ट-पँट घालायची, तीही शर्ट खोचून; शिक्षिकांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. म्हणजे नवरा कलेक्टर कचेरीत आणि बायको शाळेत असेल, तर एकाच घरात दोन नियम चालतात.

गैरसमज : वकिलांना बाराही महिने काळा कोट आणि गाऊन सुटत नाही.

वस्तुस्थिती : एप्रिलमध्ये शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात घामाघूम झालेले काळे कोट पाहून तसं वाटतं खरं. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे गाऊन फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात सक्तीचा आहे. जिल्हा न्यायालयात तो ऐच्छिक आहे आणि उन्हाळ्यात तिथे काळ्या कोटाचीही सक्ती नाही. पांढरे बँड मात्र लागतात. तरीही कोट अंगावर राहतो, तो नियमापेक्षा सवयीने.

गैरसमज : टाय लावला की माणूस प्रोफेशनल दिसतो.

वस्तुस्थिती : टायची सक्ती जिथे होती, तिथेच ती सैल होत गेली. जपान सरकारने 2005 च्या उन्हाळ्यात 'कूल बिझ' मोहीम काढली : एसी 28 अंशांवर ठेवा आणि टाय-कोट घरी ठेवा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने 2007 मध्ये रुग्ण तपासताना डॉक्टरांनी टाय लावू नये असं सुचवलं, कारण टाय क्वचितच धुतला जातो आणि रुग्णाच्या अंगावर लोंबतो. हिंजवडीत मोठा कॅम्पस असलेल्या इन्फोसिसने जून 2015 पासून आठवडाभर 'स्मार्ट बिझनेस कॅज्युअल' चालेल असं जाहीर केलं. आधी ही मुभा शुक्रवारपुरती होती.

याचा अर्थ 'काहीही चालतं' असा मात्र नाही. कॅज्युअल म्हणजे कॉलरचा शर्ट किंवा साधा कुर्ता, न फाटलेली जीन्स, बंद बूट. हाफ पँट आणि बाथरूम स्लिपर त्यात बसत नाहीत. क्लायंट येणार असेल त्या दिवशी एक पायरी वर चढावं, एवढं कळलं तरी पुरे.

गैरसमज : साडी घरगुती दिसते; कॉर्पोरेटमध्ये ब्लेझरच हवा.

वस्तुस्थिती : 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं, तेव्हा जगभर गाजलेला फोटो होता इस्रोतल्या साडी नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या हसऱ्या बायकांचा. त्या साडीत कुणाला अव्यावसायिक काही दिसलं नाही.

साडी अडते ती दिसण्यामुळे नव्हे, कामामुळे. चाकणच्या कारखान्यात फिरत्या यंत्राजवळ पदर, ओढणी, सैल बाही, लोंबता टाय हे सगळंच धोक्याचं. चालू यंत्राला वंगण घालणाऱ्याचे कपडे अंगासरशी घट्ट हवेत, ही तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमातच केलेली होती. पोशाख ठरवताना आधी काम बघायचं, ते असं.

गैरसमज : डिओ मारला की घामाचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : ताज्या घामाला जवळपास वास नसतो, कातडीवरचे जिवाणू घामातले घटक फोडतात तेव्हा वास येतो. साधा डिओ तो वास रोखतो किंवा झाकतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करणाऱ्या अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते रात्री कोरड्या काखेत लावलं तर जास्त गुण येतो. सकाळी घाईत घामट अंगावर लावून उपयोग कमी.

कापडाचाही दोष असतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरला जास्त वास येत होता. कोथरूडहून हिंजवडीपर्यंत स्कूटरवर, हेल्मेट आणि जर्किन चढवून जाणाऱ्याने शर्ट निवडताना हे ध्यानात ठेवावं. सुती शर्ट चुरगळतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ऑफिसच्या कपाटात हँगरला एक इस्त्रीचा शर्ट आणि ड्रॉवरमध्ये कंगवा. पावसाळ्यात भिजलेले बूट हीटरपुढे धरू नयेत, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत.

गैरसमज : भारी कपडे घातले की छाप पडते, डोकंही तल्लख चालतं.

वस्तुस्थिती : डॉक्टरी कोट घातला की लक्ष जास्त एकाग्र होतं, असा 2012 चा एक अमेरिकी प्रयोग फार गाजला. 2019 मध्ये तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही.

छापेचं म्हणाल तर किमतीआधी माप दिसतं. शर्टची खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. दंडावर उतरली की हजारोंचा शर्टही मोठ्या भावाचा वाटतो. कंबर, बाही, पँटची उंची हे गल्लीतला अल्टरवाला थोडक्या पैशांत बसवून देतो. खांदा दुरुस्त करणं मात्र जिकिरीचं, म्हणून दुकानात आधी खांदा बघावा आणि मग रंग. नखं कापलेली, कॉलरची आतली बाजू स्वच्छ आणि बटणं पूर्ण असली, की ब्रँड कोणता हे सहसा कुणी विचारत नाही.

तेव्हा रुजू होण्याआधी एचआरकडून पोशाखाचं लेखी धोरण मागून घ्यावं. त्यात टाय नसेल, तर ते पैसे अल्टरवाल्याकडे आणि चांगल्या बुटांवर खर्च करावेत. आजोबांचा पॉलिशचा सल्ला मात्र कुठल्याही धोरणात बसतो.