जमिनीखालचं शहर (६) : पायाआधीचा चर

जुन्या वस्तीची जमीन पिढ्यान्‌पिढ्या वर चढत जाते, हे मागच्या भागात आलं. लंडनच्या जुन्या गाभ्यात रोमनांचे रस्ते आजच्या फुटपाथच्या काही मीटर खाली आहेत. तिथली इमारत पाडून नवी बांधायची म्हटली, की मधल्या दोन हजार वर्षांचं काय करायचं?

एके काळी हे बरंचसं विकासकाच्या चांगुलपणावर अवलंबून असे. १९८९ साली थेम्सच्या दक्षिण काठावर एका कार्यालयाच्या जागेत रोझ नाट्यगृहाचा पाया सापडला. हे नाट्यगृह १५८७ सालचं, शेक्सपिअरची नाटकं झालेलं. प्रेक्षक ज्या अंगणात उभे राहत, तिथल्या जमिनीत हेझलनटची टरफलं अजून चेपून बसलेली होती. पण तोवर इमारतीचे नकाशे मंजूर होते आणि यंत्रं दारात येऊन थांबली होती. नट-नट्या आणि सामान्य माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे आराखडा बदलला. आज ते अवशेष इमारतीच्या पोटात जपलेले आहेत.

१९९० च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने नवी मार्गदर्शिका काढली आणि क्रमच उलटा केला. जमिनीखाली काय आहे ते आधी पाहायचं, परवानगीचा निर्णय नंतर. आणि खर्च बांधणाऱ्याचा. माझ्या मते त्या देशातल्या पुरातत्त्वाला सगळ्यात जास्त याच साध्या उलटापालटीने वाचवलं.

पाहणी सुरू होते कागदांपासून. जुने नकाशे, गटारांच्या रेषा, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब कुठे पडले त्याची नोंद. मग मोजके चर, पुष्कळदा उभ्या इमारतीच्या तळघरातच. काँक्रीट फोडलं की पुढचं काम हातातल्या करणीचं. चराची उभी बाजू तासून गुळगुळीत केली की थर वाचता येतात : वर विटांचा राडारोडा, खाली मध्ययुगीन कचऱ्याचे खड्डे, त्याखाली जाड काळी माती. आपण जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतो. लंडनची पांढरी काळी आहे. रोमन शहर ओसरल्यानंतरच्या शतकांची ती माती. आणि नशीब असेल तर बऱ्याच खाली एक लालभडक पट्टा : भाजलेल्या मातीच्या भिंतींचा चुरा. इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये राणी बूडिकाच्या सैन्याने लंडन जाळलं, त्याची ही खूण. बोट टेकवावं इतकी जवळ.

कधी जुन्या तळघराने सगळं आधीच खाऊन टाकलेलं निघतं. तेही कळणं मोलाचंच, कारण मग काम अडत नाही. काही असेल तर पायाचे खांब सरकवता येतात. ते जमत नसेल तर पूर्ण उत्खनन करून नोंद ठेवता येते.

आपल्याकडे, पुण्यात, शनिवारवाड्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, पुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते. हा कायदा वर दिसणाऱ्या वास्तूचा. त्या हद्दीपलीकडे एखादा वाडा उतरवला, तर खालची माती आधी पाहा असं तो सांगत नाही. कसबा ही तर पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. जोत्याचे दगड ट्रकमध्ये भरले जातात, तळघरातल्या पार्किंगसाठी जेसीबी खाली उतरतो, आणि खापरं राडारोड्याबरोबर निघून जातात. दोन चर आणि थोडे दिवस, एवढंच मागणं आहे.