काटा बारावर येईपर्यंत

मुळशीचं पाणी एरवी मुळेतून पूर्वेला, भीमेकडे गेलं असतं. टाटांच्या धरणानं ते पश्चिमेला वळवलं. बोगद्यातून कड्यापर्यंत आणि तिथून नळांतून सुमारे 500 मीटर खाली, रायगडातल्या भिऱ्याला. 1927 पासून तिथं तयार होणारी वीज मुंबईला जाते. त्यासाठी बुडालेल्या गावांनी 1921 ते 1924 सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

भिऱ्याच्या वीजघरात माझी नजर खिळली ती सिंक्रोस्कोपच्या तबकडीवर. टर्बाइन घुमू लागलं तरी मशीन लगेच लाइनवर घेता येत नाही. ग्रिडची आवर्तनं सेकंदाला 50. मशीनचीही तेवढीच हवीत, व्होल्टेज जुळायला हवं, लहरींचे चढउतारही एकाच क्षणी यायला हवेत. मशीन ग्रिडपेक्षा जलद असलं की तबकडीवरचा काटा घड्याळाच्या दिशेनं फिरतो, मंद असलं की उलटा. पाणी किंचित कमीजास्त होतं, काटा रेंगाळू लागतो आणि बारावर येताना ब्रेकर लागतो. हल्ली हा क्षण यंत्रच साधतं, तरी ऑपरेटर काट्यावरून नजर काढत नाही. चुकीच्या क्षणी जोडलं, तर अख्ख्या मशीनला जबर हिसका बसतो.

ग्रिडला ग्रिड जोडतानाही हेच जुळवावं लागतं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात आला. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला एसीची डीसी आणि डीसीची पुन्हा एसी करून वीज पलीकडे जाई. मध्ये डीसी असली की दोन्ही बाजू आपापल्या तालात चालू शकतात. बांगलादेशाशी 2013 पासून भेडामारा इथं आपण असेच जोडलेलो आहोत. नेपाळशी मात्र मुझफ्फरपूर–ढल्केबर लाइननं थेट, एकाच तालात. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या भरतात तेव्हा तिथली वीज इकडे येते. हिवाळ्यात त्या आटल्या की इथली तिकडे जाते. नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली.

ही देवाणघेवाण वाढावी, असंच मला मनापासून वाटतं. मात्र तिच्यासाठी हिमालयात नवी धरणं बांधायची ठरतील, तेव्हा करारावर सही करणाऱ्यांनी मुळशीच्या विस्थापितांची हकिगत आधी वाचावी.