मटण घेताना

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर हातात पिशवी किंवा डबा घेऊन उभी असलेली माणसे आपण पाहिली असतील. धुळवडीला आणि श्रावण सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी तर ही रांग रस्त्यापर्यंत येते. अलीकडे शहरांतून मटण मिळण्याची आणखी एक जागा झाली आहे. सुपरमार्केटच्या एका कोपऱ्यात, काचेच्या थंड कपाटात, वजन व किंमत छापलेली मटणाची पाकिटे मांडून ठेवलेली असतात. खाटकाकडचे मटण ताजे असते, असे काहीजण म्हणतात. पाकिटातले स्वच्छ असते, असे इतर काहींचे मत असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र 'ताजे' या शब्दाचा अर्थ आपण समजतो तितका सरळ नाही.

जनावर कापल्यानंतर काही तासांतच त्याचे स्नायू ताठर होतात. या अवस्थेत शिजवलेले मांस चिवट लागते. पुढे मांसातीलच विकरे, म्हणजे पदार्थांचे विघटन घडवून आणणारी द्रव्ये, स्नायूंचे तंतू हळूहळू सैल करतात आणि मांस पुन्हा मऊ होते. शेळी-मेंढीच्या मांसाला त्यासाठी थंड जागेत साधारण एक-दोन दिवस लागतात. आपल्यासारख्या उष्ण हवेच्या देशात, शीतकपाट नसताना, इतका वेळ थांबणे शक्यच नव्हते. म्हणून सकाळी मटण आणावे, आले-लसूण वाटून लावावे आणि मंद आचेवर बराच वेळ शिजवावे, अशी रीत पडली. मटणाला कच्च्या पपईचा कीस लावतात, त्यामागेही हेच कारण आहे. पपईच्या चिकातील विकर थंडीतले एक-दोन दिवसांचे काम काही तासांत उरकते. तेव्हा नुकतेच कापलेले मटण सर्वांत मऊ असते, ही समजूत पूर्णपणे खरी नाही.

मग ताजेपणाला इतके महत्त्व का? त्याचे उत्तर जीवाणूंमध्ये आहे. अनुकूल उष्णतेत काही जीवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या वेगाने एका जीवाणूचे चार तासांत ४०९६ जीवाणू होतात. ५ अंश सेल्सिअसच्या खाली ही वाढ फार मंदावते. उणे १८ अंशांवर ती थांबते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गोठवल्याने बहुतेक जीवाणू मरत नाहीत, ते केवळ निपचित पडून राहतात. मटण पुन्हा कोमट झाले, की त्यांची वाढ पुन्हा सुरू होते.

खाटकाच्या दुकानात यावर उपाय एकच, तो म्हणजे वेळ. पहाटे कापलेले बोकड सकाळी दहापर्यंत संपले, तर शीतकपाट नसूनही ग्राहकाचे फारसे बिघडत नाही. तेच मटण दुपारी दोनपर्यंत उन्हात टांगलेले असेल, तर त्याला ताजे म्हणणे धाडसाचे होईल. अनेक घरांत सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी मांसाहार वर्ज्य असतो. त्या दिवशी दुकानात खप कमी असतो आणि कालचे मटण आज विकले जाण्याचा संभव वाढतो. मांस तांबूस, स्पर्शाला घट्ट आणि बोटाने दाबले असता पुन्हा वर येणारे असावे. चिकटपणा किंवा आंबूस वास असेल, तर ते घेऊ नये. केवळ रंग गडद आहे म्हणून मटण शिळे ठरत नाही. जून जनावराचे मांस मुळातच गडद असते. पाणी मारून ओले ठेवलेले मांस मात्र लवकर बिघडते, शिवाय पाण्याचे वजन ग्राहकाच्या माथी पडते. मांसाप्रमाणे दुकानही पाहावे. लाकडी ओंडका खरवडून धुतलेला आहे का, सत्तूर कशाने पुसला जातो, माशा किती आहेत आणि काट्यावर पडताळणीची मुद्रा आहे का, या गोष्टी उभ्या उभ्या दिसतात. खिमा नेहमी आपल्यासमोर करून घ्यावा. जीवाणू मुख्यतः मांसाच्या पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते सगळ्या मांसात मिसळतात, म्हणून तो सर्वांत आधी खराब होतो.

चांगला खाटीक 'किती देऊ?' याच्याबरोबर 'कशाला हवंय?' असेही विचारतो. रश्श्याला हाडासकट खांदा आणि नळी, सुक्याला चाप, आजारी माणसाच्या सुपाला पाया, अशी निवड तो करून देतो. पाव किलो मटण, दोन कलेजीचे तुकडे आणि थोडी चरबी असे मागितले, तरी त्याची ना नसते. ओळखीच्या घराला महिनाअखेरीस उधारही मिळते. माझ्या मते, रोजंदारीवर चालणाऱ्या घराला ही सोय मोठी आहे. छापील किमतीच्या पाकिटात ती मिळत नाही. बोकड कोणत्या बाजारातून आणले, हलाल आहे की झटका, हेही तोंडी विचारता येते.

पाकिटाला मात्र प्रश्न विचारता येत नाही. ते वाचावे लागते. त्यावर पॅकिंगची व वापराच्या मुदतीची तारीख, निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण ही मांसाहारी पदार्थाची खूण होय. काही गोष्टी छापलेल्या नसतात, त्या डोळ्यांनी पाहाव्यात. तळाशी बरेच तांबूस पाणी साचले असेल किंवा गोठवलेल्या तुकड्यांवर बर्फाचे जाड खडे जमले असतील, तर मटण मध्येच कधीतरी वितळून पुन्हा गोठले असण्याची शक्यता असते. कारखान्यातून निघालेली थंडी वाहनात, दुकानात आणि वीज गेल्यावरही टिकली, तरच छापील तारखेला अर्थ राहतो.

कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे छोट्या मटणविक्रेत्यालाही नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. २००१ च्या कत्तलखानाविषयक नियमांनुसार गाभण जनावर, तीन महिन्यांहून लहान पिलू आणि पशुवैद्यकाने योग्य असल्याचे प्रमाणित न केलेले जनावर कापता येत नाही. हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा. उत्तर देताना तो रागावला, तर दुसरे दुकान शोधण्यास हरकत नाही.

मटण कोठूनही घेतले, तरी घरी पोहोचेपर्यंतची वाट तुमचीच असते. ते भाजीच्या पिशवीत न टाकता वेगळ्या डब्यात आणावे आणि वाटेत इतर कामे काढू नयेत. गोठलेले मटण ओट्यावर रात्रभर उघडे ठेवू नये. शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवून ते वितळू द्यावे. म्हणजे त्याचे पाणी कोथिंबिरीवर ठिबकणार नाही.