न दिसणाऱ्या बर्फाचा फोटो

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतली, नुकतीच दहावीत गेलेली मुलगी गॅलरीत पाण्याचा पेला आणि मोबाईल घेऊन बसली होती. शाळा उघडल्यावर होणाऱ्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला तीन फोटो हवे होते. पाण्यामुळे वाकणारा प्रकाश, काचेमुळे वाकणारा प्रकाश आणि बर्फामुळे वाकणारा प्रकाश.

पहिले दोन झटपट झाले. पाण्यात तिरपी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसली. वर्तमानपत्रावर जाड काचेचा पेपरवेट ठेवताच खालची अक्षरे फुगून वर आली. मग तिने फ्रीजमधला बर्फाचा तुकडा पेल्यातल्या पाण्यात सोडला आणि फोटो घेतला. फोटोत पाण्याबाहेर डोकावणारे बर्फाचे टोक दिसत होते, पाण्यात एक पांढुरका ठिपका दिसत होता. बाकीचा तुकडा गायब!

"काका, मोबाईल बिघडलाय वाटतं," ती म्हणाली.

मोबाईल ठीक होता. मित्रहो, पारदर्शक वस्तू आपल्याला मुळात दिसते तरी कशी, याचा विचार कधी केला आहे का? लाकूड किंवा वीट आपल्यावर पडलेला प्रकाश अडवून परत पाठवते. काच, पाणी आणि बर्फ त्याला बव्हंशी आरपार जाऊ देतात. तो आत शिरताना आणि बाहेर पडताना वाकतो, त्यातला थोडा परावर्तित होतो, आणि एवढ्यावरूनच आपण म्हणतो की येथे काही तरी आहे.

प्रकाश वाकतो तो त्याचा वेग बदलल्यामुळे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, बर्फात २ लाख २९ हजार, तर साध्या काचेत जेमतेम २ लाख. हवेतल्या वेगाला त्या पदार्थातल्या वेगाने भागले की वक्रीभवनांक मिळतो. पाण्याचा १.३३, बर्फाचा १.३१, काचेचा सुमारे १.५२. हवेचा जवळजवळ १.

आता पाणी आणि बर्फ यांचे आकडे शेजारी ठेवा. फरक अवघा ०.०२! हवेतून बर्फावर सरळ पडलेल्या प्रकाशाचा सुमारे पन्नासावा भाग परत फिरतो. पाण्यातून बर्फावर पडलेल्या प्रकाशाचा दहा हजारातला एक भागही धड परत येत नाही. वाकणेही तसेच नाममात्र. कॅमेऱ्याने टिपावे असे तिथे फारसे काही नव्हतेच.

मग तो पांढुरका ठिपका कसला? ते हवेचे बुडबुडे. पाणी बाहेरून आत गोठत जाते, विरघळलेली हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मधोमध अडकते. मासळीबाजारात बर्फाची लादी नीट पाहा. कडेला काचेसारखी, पोटात दुधासारखी. बर्फातून हवेच्या बुडबुड्यावर प्रकाश सुमारे ५० अंशांहून जास्त तिरपा पडला, तर तो बुडबुड्यात शिरतच नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन.

हे पटवायला मी तिला त्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर नेले आणि बर्फाचा गोळा घेऊन दिला. (शास्त्रासाठी असा खर्च करावा लागतो.) किसलेला बर्फ पांढराशुभ्र, कारण कणाकणांत हवा. त्यावर काला खट्टा ओतला की तो नुसता रंगत नाही, अर्धपारदर्शक होतो. कारण पाकाचा वक्रीभवनांक हवेपेक्षा बर्फाला खूपच जवळचा, आणि हवेच्या जागी पाक शिरला की दिशाभूल करणारे पृष्ठभाग जणू पुसले जातात. गोळा जोराने चोखा, पाक निघून हवा परत आत येते आणि गोळा पुन्हा पांढरा! लहानपणापासून चोखत आलेल्या या गोष्टीचे तिने लगेच दोन फोटो घेतले.

समोर समुद्र होता, त्यामुळे चंद्रशेखर व्यंकट रामन यांची आठवण निघाली. १९२१ साली इंग्लंडहून 'नारकुंडा' जहाजाने परतताना त्यांना समुद्राच्या निळाईने झपाटले होते. ती नुसते आकाशाचे प्रतिबिंब आहे का, हा त्यांचा प्रश्न. प्रतिबिंबाची चकाकी काढून टाकल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हते. पाण्यावरून सुमारे ५३ अंशांत परावर्तित झालेला प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो, म्हणजे ध्रुवित असतो. रामन यांनी खिशातल्या निकोल लोलकातून पाहिले, लोलक फिरवून तो प्रकाश अडवला, आणि समुद्र निळाच राहिला. यावरचे पत्र त्यांनी 'नेचर' या नियतकालिकाला पाठवले. त्याखाली ठिकाण आहे मुंबई बंदर, तारीख २६ सप्टेंबर. निळाई पाण्याच्या रेणूंनी प्रकाश विखुरल्यामुळे येते, असे त्यांनी मांडले. पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषते याचाही त्यात मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.

निकोल लोलक आपल्याकडे नव्हता. पण दुसऱ्या दिवशी एका शेजाऱ्याचा पोलरॉइड गॉगल मिळाला. पेल्याऐवजी मासे ठेवायची चौकोनी काचेची पेटी घेतली, कारण गोल पेला स्वतःच भिंगाचे काम करतो आणि सगळे चित्र बिघडवतो. वरून तिरपा फोटो घेताना पाण्यात आकाश चमकत होते. गॉगलची काच मोबाईलसमोर धरून सावकाश फिरवली, तशी एका जागी चकाकी मावळली आणि तळ दिसू लागला.

बर्फ मात्र अजून हुलकावणी देत होता. आम्ही पेटीमागे आलेख कागद चिकटवला. काही फरक पडला नाही. कागद वीतभर मागे नेला, फोकस बर्फाऐवजी रेघांवर धरला आणि बर्फामागच्या रेघा काही मिलिमीटर सरकून तुटल्या! बर्फाच्या उतरत्या कडेने प्रकाश अंशभरच वाकतो. एवढासा कोन कागद जवळ असताना कळत नाही, अंतर वाढले की फरक वाढतो. तिसरा फोटो मिळाला. तोवर तुकडा निम्मा वितळला होता.

एवढ्यात गॅलरीत उन्हाची तिरीप आली. पेटीची सावली हातभर अंतरावरच्या पांढऱ्या भिंतीवर पडली, आणि ती ओरडली, "काका, हे काय सांडतंय?" सावलीत बर्फाखालून धुरासारख्या रेषा वळणे घेत तळाकडे उतरत होत्या. पेटीत पाहावे तर काहीच नाही. ते वितळलेले थंड पाणी होते. कोमट पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडणारे. शून्य अंशाच्या आणि तीस अंशांच्या पाण्याच्या वक्रीभवनांकांत फरक आहे सुमारे ०.००२, बर्फ-पाण्यातल्या फरकाच्याही दहावा हिस्सा. आणि तो भिंतीवर उमटला होता.

तिने घाईघाईने सात-आठ फोटो घेतले. ऊन कठड्यापलीकडे सरकले तेव्हा बर्फ संपला होता, पण शेवटच्या फोटोत, बर्फ नसलेल्या पाण्यात, एक रेषा अजून खाली उतरत होती.