यजमानांचे नंबर, घरच्याच लिनक्सवर
धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या पुजाऱ्याला गावोगावच्या यजमानांचे नंबर आणि नवरात्रातल्या पूजांच्या तारखा सांभाळाव्या लागतात. हा ऐवज फोनबरोबर लिनक्सवरही हवा असेल, तर तो घरीच ठेवावा असं माझं मत. तारखांसाठी कॅलडॅव्ह (२००७) आणि नंबरांसाठी कार्डडॅव्ह (२०११) ही मानकं खुली आहेत, म्हणून हे जमतं. कॉम्प्युटरवर रॅडिकेल हा छोटा सर्व्हर बसवा, अँड्रॉइडवर त्याच्याशी मेळ घालणारं डॅव्हएक्स५, आणि कॉम्प्युटरवर पाहायला थंडरबर्ड. रॅडिकेल प्रत्येक नंबर वेगळ्या साध्या फायलीत ठेवतो; नोटपॅडसारख्या कशातही उघडा, नाव वाचता येतं. ‘गूगल फुकट आहे की!’ आहेच, थंडरबर्ड त्यालाही जोडता येतं. पण मग यजमानांची यादी परक्याच्या दारी. ‘लाईट गेली तर?’ फोनमधली प्रत शाबूत राहते, कॉम्प्युटर सुरू झाला की मेळ बसतो. खरी गोम वेगळीच आहे. इकडे पुसलेला नंबर तिकडूनही जातो, तेव्हा रॅडिकेलच्या फायलींच्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी काढावी.